राजांचा खेळ आणि किल्ल्याची साक्ष

जानेवारी महिन्याच्या सहा तारखेस, पणजीच्या समोर, मांडवी नदीच्या उत्तर तीरावरील एका लहानशा गांवांत तीन राजे घोड्यांवर बसून येतात. त्यांच्या अंगावर भरजरी झगे असतात, डोक्यावर मुकुट असतात, आणि त्यांपैकीं एकाचेंही वय राज्य करण्याजोगें नसतें. हे गांवांतलेच मुलगे. त्यांची स्वारी चर्चपर्यंत येते, आंत प्रार्थना होते, बाहेर खाज्याचीं आणि चण्यांचीं दुकानें लागतात, आणि दिवस मावळतां मावळतां राजे पुन्हां शाळकरी मुलगे होतात. गांवाचें नांव रेइश मागूश. पोर्तुगीज भाषेंत या शब्दांचा अर्थ ज्ञानी राजे असा आहे. चर्चच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, याच नांवाचा किल्ला उभा आहे. तो पोर्तुगिजांनीं बांधला, पुढें तो ओसाड झाला, आणि अलीकडे, २००८ ते २०१२ या चार वर्षांत, त्याचा जीर्णोद्धार झाला.

सणाच्या दिवशीं गोव्यास गेलेला पाहुणा खालीं राजांची मिरवणूक पाहतो आणि वर जाऊन किल्ला पाहतो. दोन्ही गोष्टी त्याला एकाच दिवसाच्या करमणुकीचे दोन भाग वाटतात. वस्तुतः त्या फार निराळ्या आहेत. मिरवणूक ही एका जुन्या कथेची लीला आहे. किल्ला ही साक्ष आहे. लीलेनें मोकळेपणानें वागावें हें योग्यच. साक्षीदारानें मात्र तसें वागून चालत नाहीं. महाराष्ट्रांत आज किल्ल्यांच्या दुरुस्त्या आणि किल्ल्यांवरील सोहळे हे दोन्ही विषय जोरांत असल्यामुळें हा भेद समजून घेण्यास रेइश मागूशइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सांपडेल.

आधीं किल्ल्याचें स्थान पहावें. मांडवी समुद्रास मिळण्यापूर्वीं जेथें अरुंद होते, नेमक्या त्या ठिकाणीं ही टेकडी नदींत पुढें आलेली आहे. जुन्या गोव्याच्या राजधानीकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबताला तिच्या पायथ्यावरून जावें लागे. आदिलशाहीच्या काळींही येथें चौकी होती असें सांगतात. १५५१ मध्यें व्हाइसरॉय आफोंसु द नोरोन्या याच्या कारकीर्दींत पोर्तुगिजांनीं किल्ला बांधला, आणि १५५५ मध्यें खालीं फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनीं चर्च उभारलें. तें बारदेशांतील पहिलें चर्च मानलें जातें. पुढें १६१२ मध्यें पश्चिमेस नदीच्या मुखावर अग्वादचा मोठा दुर्ग झाला, तेव्हां रेइश मागूशचें महत्त्व दुसऱ्या फळीचें झालें. पण अग्वाद चुकवून आंत शिरलेल्या जहाजाला अडविण्याचें काम त्याच्याकडे राहिलेंच. समोरच्या तीरावर गास्पार दियश नांवाचा दुसरा किल्ला होता. दोन्ही तीरांवरील तोफांचे मारे नदीच्या मध्यभागीं एकमेकांस छेदीत. एकट्या किल्ल्याच्या तोफेला पल्ला असतो, परंतु जोडकिल्ल्यांना कात्री असते. आणि अरुंद नदीवर कात्रीच उपयोगी पडते.

या किल्ल्याचा आणखी एक उपयोग होता, आणि राजांच्या मिरवणुकीशीं त्याचें कांहीं आंतरिक नातें जुळतें. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला म्हणजे तो एकदम राजधानींत जात नसे. समारंभपूर्वक नगरप्रवेशाची सिद्धता होईपर्यंत त्याचा मुक्काम येथें असे. कारकीर्द संपवून परत जाणाराही जहाजाची वाट पाहत येथेंच राही. लुईश द आताईद या व्हाइसरॉयची समाधि तर खालच्या चर्चमध्येंच आहे. म्हणजे दूर देशाहून मोठ्या माणसांनीं यावें, थांबावें आणि थाटानें पुढें जावें, हें नाटक या टेकडीच्या पायथ्याशीं प्रत्यक्ष इतिहासांतच वारंवार झालें. तेथें मुलांनीं राजे होऊन यावें यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

अठराव्या शतकाच्या आरंभीं किल्ल्याची पुन्हां बांधणी झाली, आणि ती वेळेवरच झाली असें म्हणावें लागतें. १७३९ या वर्षीं उत्तर कोंकणांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली. त्याच सुमारास सावंतवाडीच्या भोंसल्यांनीं बारदेशावर चाल करून जवळजवळ सगळा प्रांत व्यापला. पोर्तुगिजांच्या हातीं बारदेशांत दोनच जागा उरल्या, एक अग्वाद आणि दुसरी रेइश मागूश. १७४१ मध्यें नवा व्हाइसरॉय कुमक घेऊन आला आणि भोंसल्यांना मागें हटावें लागलें. मराठी वाचकाला हा प्रसंग वाचून थोडी चुटपुट लागते खरी. पण किल्ला पाहतांना त्या भिंतींचें कर्तृत्वही मान्य करावें लागतें. टेकडीच्या उतारावर त्या इतक्या तिरप्या आणि उंच चढविल्या आहेत कीं शिडी लावणाऱ्याला पाय ठेवावयास सपाट जागा मिळूं नये.

पुढचा प्रसंग विनोदी म्हणावा असा आहे. नेपोलियनच्या युद्धकाळांत फ्रेंच आरमार गोव्यावर येईल या भीतीनें इंग्रजांनीं आपल्या पलटणी गोव्यांत आणून बसविल्या, आणि १७९८ ते १८१३ पर्यंत रेइश मागूशवर त्यांचा तळ होता. एका परक्याच्या किल्ल्यांत दुसरा परकी पाहुणा म्हणून राहिला, आणि यजमानाला त्याला जा म्हणतां येईना! त्यानंतर किल्ल्याचें लष्करी महत्त्व ओसरत गेलें. तोफा गंजल्या, आणि कालांतरानें किल्ल्याचा तुरुंग झाला.

तुरुंगाचा हा काळ किल्ल्याच्या आयुष्यांत सर्वांत कमी देखणा आहे, आणि म्हणूनच दुरुस्ती करणारांची खरी परीक्षा तेथें होते. १८ जून १९४६ रोजीं मडगांवीं डॉ. राममनोहर लोहियांच्या सभेनें नागरी स्वातंत्र्याची चळवळ पेटली. १९५४ आणि १९५५ सालीं महाराष्ट्रांतून सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून गेल्या. त्या वर्षांत अग्वादप्रमाणें रेइश मागूशच्या कोठड्यांतही राजबंदी होते. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. किल्ल्याचा तुरुंग मात्र सुटला नाहीं. तो १९९३ पर्यंत चालूच होता. मुक्तीनंतर तब्बल बत्तीस वर्षें स्वतंत्र भारताच्या सरकारनेंही त्याच कोठड्यांना कुलुपें लावलीं, ही गोष्ट किल्ल्याच्या माहितींत बहुधा एका ओळींत उरकली जाते. ती एवढ्यावर उरकूं नये. ज्या खोलींत सत्याग्रही बसला त्याच खोलींत नंतर चोरटा बसला. भिंतीला दोघांतला फरक कळला नाहीं, पण पाहणाराला तो कळला पाहिजे.

१९९३ नंतर किल्ला मोकळा झाला आणि रानानें त्याचा ताबा घेतला. पुढें गोवा सरकार, भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास आणि लंडनचा हेलन हॅम्लिन ट्रस्ट या तिघांनीं मिळून दुरुस्ती हातीं घेतली. काम वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्या देखरेखीखालीं झालें आणि जून २०१२ मध्यें किल्ला लोकांना खुला झाला. आतां तेथें व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या चित्रांचें दालन आहे, आणि स्वातंत्र्यसैनिकांची आठवणही जपलेली आहे. कोठड्यांच्या जागीं चित्रें लागलीं याबद्दल कोणी नाक मुरडील. पण मिरांडांच्या चित्रांतील गजबजलेला गोवा त्या थंड खोल्यांत पाहतांना विरोधाभासाची एक वेगळीच गंमत येते, आणि वास्तु वापरांत राहिली तरच तिची निगा राहते हेंही विसरतां येत नाहीं.

जीर्णोद्धार म्हणजे काय, हें येथें थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे. कारण या शब्दाखालीं आपल्याकडे वाटेल तें खपतें. रेइश मागूशची टेकडी आणि भिंती दोन्ही जांभ्याच्या. जांभा हा विलक्षण दगड आहे. खाणींतून काढतांना तो इतका मऊ असतो कीं कुऱ्हाडीसारख्या हत्यारानें त्याचे चिरे पाडतां येतात. उघड्या हवेंत राहिला कीं त्यांतील लोहद्रव्यामुळें तो कठीण होत जातो. मात्र तो अंगानें सच्छिद्र. गोव्यांत वर्षाकाठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो पाऊस जांभा पितो, आणि उन्हाळ्यांत परत सोडतो. जुन्या गवंड्यांनीं या दगडाला चुन्याची जोड दिली ती विचार करूनच. चुना हवेंतील कर्बवायु शोषून हळूहळू पुन्हां दगडासारखा होतो, तरी त्याच्यांतून ओल बाहेर पडूं शकते. सिमेंटचा थर तसा नाहीं. तो ओल आंतच कोंडतो. मग क्षार सांचतात, जांभ्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनीं सुटूं लागतो, आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत आंतून पोखरली जाते. म्हणून जुन्या जांभ्याच्या भिंतीची डागडुजी करतांना पहिला प्रश्न सौंदर्याचा नसून सांध्यांत काय भरावें हा असतो. पुष्कळ किल्ल्यांवर हौशी मंडळींनीं वर्गणी काढून, श्रम करून, प्रेमानें सिमेंट भरलें आहे. हेतु चांगला, परिणाम वाईट.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. पडलेलें किती उभें करावें? १९६४ मध्यें व्हेनिस येथें जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनीं यासंबंधीं एक सनद तयार केली. तिचा आशय असा कीं जेथें अनुमान सुरू होतें तेथें दुरुस्तीनें थांबावें, आणि जें नव्यानें घालणें भाग पडेल तें पाहणाराला नवें म्हणून ओळखूं यावें. छप्पर कोसळलें असेल आणि त्याच्या वाशांच्या खांचा भिंतींत शिल्लक असतील, तर छप्पर घालण्यास आधार आहे. पण येथें दरवाजा भव्य असावा असें वाटतें, म्हणून भव्य दरवाजा केला, तर ती दुरुस्ती नव्हे; तो देखावा झाला. साक्षीदारानें न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली, मग ती कितीही गौरवाची असो, तर त्याच्या खऱ्या सांगण्यावरचाही विश्वास उडतो.

आतां टेकडी उतरून पुन्हां राजांकडे यावें. त्यांच्याकडून असा कांटेकोरपणा मागतां येईल काय? तीन राजांची मूळ कथा मत्तयच्या शुभवर्तमानांत आहे. तेथें पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागें जात बालक येशूपर्यंत पोंचतात आणि त्याला सोनें, ऊद आणि गंधरस अर्पण करतात, एवढेंच सांगितलें आहे. ते तीन होते असें तेथें म्हटलेलें नाहीं. नजराणे तीन, म्हणून माणसेंही तीन धरलीं गेलीं. ते राजे होते असेंही नाहीं. गास्पार, मेल्किओर आणि बाल्ताझार हीं नांवें कित्येक शतकांनंतरचीं. घोड्यांचा तर उल्लेखच नाहीं. आणि तरीसुद्धां रेइश मागूशचा सण खोटा आहे असें म्हणण्यास कोणी धजणार नाहीं. सासष्टींतील चांदर आणि कुएली येथेंही याच दिवशीं असेच राजे निघतात. कुएलीला तर ते वेगवेगळ्या वाटांनीं टेकडीवरील देवळाकडे चढतात. त्यांतली सत्यता वस्त्रांत नाहीं. ती गांवानें दरवर्षीं आपल्या मुलांना तो मान देण्यांत आहे.

हा प्रकार आपल्याला परका नाहीं. काशीजवळ रामनगरच्या रामलीलेंत मुकुट घातलेल्या मुलांना लोक हात जोडतात. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका पालखींतून पंढरपुरास निघतात तेव्हां महाराज चालले असें वारकरी म्हणतो, आणि त्या म्हणण्याचा पुरावा त्याच्याजवळ कोणी मागत नाहीं. याउलट पश्चिमेकडे गेल्या साठसत्तर वर्षांत इतिहासाचे प्रयोग करण्याची एक अगदीं वेगळी तऱ्हा रूढ झाली आहे. इंग्लंडांतील सतराव्या शतकाच्या यादवी युद्धांतील लढाया पुन्हां लढून दाखविणारें ‘सील्ड नॉट’ नांवाचें मंडळ १९६८ मध्यें निघालें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या शताब्दीस १९६१ सालीं बुल रनची लढाई हजारों लोकांनीं गणवेश घालून पुन्हां केली. या मंडळींत कापडाच्या विणीपासून गुंडीच्या धातूपर्यंत वाद चालतात. ते हास्यास्पद वाटले तरी त्यांतून बंदूक भरण्यास किती वेळ लागे, रांग कशी मोडे, अशा पुष्कळ गोष्टी कळल्या आहेत. ती एक प्रकारची अंगानें केलेली तपासणी आहे.

रायगडावर दरवर्षीं होणारा राज्याभिषेक सोहळा या दोन तऱ्हांच्या मध्यें कोठें तरी उभा आहे. ६ जून १६७४ चा तो प्रसंग. पण आज तो तारखेनेंही साजरा होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस तिथीनेंही होतो, यावरूनच त्याचें मुख्य अंग श्रद्धेचें आहे हें उघड होतें. तेथें ढोल घुमावे, भगवे फडकावे, डोळे भरून यावे. अडचण येते ती एवढीच कीं सोहळ्याचा उत्साह वास्तूवर हक्क सांगूं लागतो. मिरवणुकीस वाट अरुंद पडते म्हणून वाट रुंद व्हावी, व्यासपीठाला जागा हवी म्हणून चौथरा सपाट व्हावा, चित्रांत जसा दिसतो तसा दरबार पुन्हां उभा रहावा, अशा मागण्या होतात. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला; त्यांतले अकरा महाराष्ट्रांत आणि एक तामिळनाडूंत जिंजीचा. त्यामुळें पाहणारे वाढतील, पैसा येईल, आणि त्याबरोबर किल्ले सजविण्याचा मोहही वाढेल. रेइश मागूशला सणानें किल्ल्याकडे कांहीं मागितलें नाहीं. राजे चर्चच्या पायथ्याशीं येतात आणि किल्ला वरून नुसता पाहत राहतो. हें शेजारधर्माचें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांचें घर धाराशिव जिल्ह्यांत आहे त्यांना हा प्रश्न आपल्या अंगणांत आणून पाहतां येईल. तेरणेकांठच्या माकणीसारख्या गांवच्या माणसाला किल्ला म्हटला कीं नळदुर्ग आठवतो. तोही आतां झाडझूड होऊन प्रवाशांसाठीं सजला आहे. उद्यां तेथें इतिहासाचा प्रयोग करावयाचा म्हटला, तर तो कोणत्या इतिहासाचा करावा? दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानें १६१३ मध्यें बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटांत पाणीमहाल केला, त्याचा? १८५३ मध्यें निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर किल्ल्यांत राहून कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरचा, ज्याच्या लेखणीनें ठगांची गोष्ट आधींच सगळ्या इंग्लंडांत पोंचविली होती? कीं १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटेचा, जेव्हां सोलापुराहून निघालेल्या भारतीय सैन्यानें बोरीवरचा पूल उडविला जाण्यापूर्वींच हस्तगत केला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली? यांपैकीं एक निवडला कीं उरलेले दोन अंधारांत जातात. प्रयोगाला ती मुभा आहे; तीन तासांत सर्व सांगतां येत नाहीं. किल्ल्याला ती मुभा नाहीं. आदिलशहाचें धरण, साहेबाची बैठक आणि गोळ्यांच्या खुणा या सगळ्या त्यानें एकाच भिंतीवर बाळगल्या पाहिजेत. पावसाळ्यांत धरणाच्या सांडव्यांवरून नर आणि मादी हे दोन धबधबे पडूं लागले म्हणजे मात्र आदिलशहाच्या कारागिरांनीं योजिलेला खेळ मुलांवांचून आणि मुकुटांवांचून आपोआप सुरू होतो. तो पाहण्यास जुलैनंतर जावें.

रेइश मागूशला जाणाऱ्यानें हिंवाळ्यांतली सकाळ धरावी. सणाचा दिवस असेल तर प्रथम चर्चच्या पायऱ्यांशीं उभें राहून राजे पहावे. पायऱ्यांच्या तळाशीं दोन दगडी सिंह आहेत, त्यांच्या घडणींत विजयनगरची छटा अनेकांना दिसते, त्यांच्याकडेही लक्ष असूं द्यावें. आंत वेदीवर तीन राजे नजराणे अर्पण करीत असल्याचें रंगविलेलें काष्ठशिल्प आहे. मग चढ चढून किल्ल्यांत जावें. प्रवेशद्वाराच्या वाटेंत वर मान करून पाहिलें तर छतांत एक भोंक दिसतें. शत्रु दारांत शिरला तर त्याच्यावर कढत तेल ओतण्याची ती सोय. कोठड्या पाहिल्यावांचून चित्रांच्या दालनाकडे वळूं नये. क्रम उलटा झाला तर कोठड्या नुसत्या खोल्या वाटूं लागतात. शेवटीं बुरुजावरील वाटोळ्या कोठीपाशीं यावें, जेथें पहारेकरी उभा राही. तेथून डावीकडे पणजी, उजवीकडे अग्वादचें टोंक, आणि समोर पलीकडचा तीर दिसतो. त्या तीरावर गास्पार दियशचा किल्ला होता. गास्पार हें नांव ऐकून पाहुण्यांना तो तीन राजांपैकीं एकाच्या नांवाचा वाटतो. परंतु तो गास्पार दियश म्हणजे त्या जमिनीचा मालक. १८३५ च्या राजकीय दंग्यांत तो किल्ला जळला. आज त्या बाजूस मिरामारची वाळू, झाडें आणि घरें दिसतात. कात्रीचें एकच पातें उरलें आहे, आणि त्यावर पाहुणा उभा आहे.